आरशाची तिरीप

पुणे,
१२ फेब्रुवारी १९९८

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आईचा गुडघा आता कसा आहे ते कळवा.

कामाचं सांगते. आमची मोबाईल कंपनी नगर-मनमाड रस्त्यावर टॉवर उभारते आहे, त्यातला एक कोल्हारला येणार. एका टॉवरवरचं बोलणं पुढच्या टॉवरवर तारेशिवाय, तबकडीसारख्या अँटेनातून जातं. त्यासाठी दोन्ही तबकड्या एकमेकींना दिसायला हव्यात. नकाशावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून आम्ही आरसा चमकवून बघतो.

कोल्हारात दोन गच्च्या काढल्यात. एक रस्त्याकडची काकासाहेबांची तीन मजली इमारत, दुसरी आपली स्लॅब. घर आपलं आहे हे मी साहेबांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, जिथून उजेड दिसेल ती घ्यायची. रविवारी, २२ तारखेला, बरोबर दहाला आपल्या स्लॅबवरून आणि अकराला त्यांच्या गच्चीवरून राहात्याच्या दिशेनं आरसा धरायचा आहे. आमचा माणूस त्या दिवशी कर्जतला असेल, म्हणून तुम्हाला गळ घालते. मी राहात्याला पाण्याच्या टाकीवर दुर्बीण घेऊन असेन. टाकीवर चढते म्हणून आईनं जीव खाली-वर करू नये, पट्टा बांधलेला असतो.

आईला जय भीम सांगावा. माया आहेच, तशीच राहू द्यावी.
तुमची,
शुभांगी

कोल्हार,
२४ फेब्रुवारी १९९८

चि. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

सांगितल्याप्रमाणे काम केले. कपाटाचा आरसा काढून स्लॅबवर नेला. तुझी आई घड्याळ धरून उभी होती. अर्धा तास आरसा हलवत होतो, खांदे भरून आले. मग काकासाहेबांकडे गेलो. तीस वर्षे त्यांच्या दारावरून कारखान्यात कामाला गेलो, पण त्यांचा जिना परवा प्रथमच चढलो.

तुला काय दिसले ते लवकर कळव. आपल्या स्लॅबवर टॉवर व्हावा असे मला फार वाटते. टेलिफोनचा अर्ज देऊन आठ वर्षे झाली. खांब शाळेपर्यंत आले, वस्तीकडे वळलेच नाहीत. खांब शिल्लक नाहीत, एवढेच उत्तर मिळते. तुझ्या मामाच्या मरणाची खबर आपल्याला तिसऱ्या दिवशी कळली. तुझी आई अजून म्हणते, मला भावाचं तोंड बघायला न्हाई मिळालं.

प्रकृतीस जप. वेळेवर जेवत जा.
तुझा,
उत्तमराव

पुणे,
२ मार्च १९९८

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

अकराला काकासाहेबांच्या गच्चीवरून लख्ख तिरीप आली. दहाला काही दिसलं नाही. पावणेअकरापर्यंत दुर्बीण डोळ्याला लावून होते. आपली वस्ती नदीच्या उतारावर, मध्ये टेकाड आडवं येतं. स्लॅबवर पंधरा मीटरचा खांब धरून हिशेब केला, तरी टेकाड चुकत नाही.

बाबा, मलाही आपलीच गच्ची हवी होती.
तुमची,
शुभांगी

कोल्हार,
९ मार्च १९९८

चि. शुभांगीस,
आशीर्वाद.

टाकीवर तू एकटीच होतीस. काय दिसले ते तू लिहिशील तेच खरे. दुसऱ्यांची पोरे आपल्या माणसांसाठी एवढे करतात. तुझी आई म्हणत होती की असं लिहू नका, पोरीला अडचनीत घालू नका. तरी लिहितो आहे. रिपोर्टात आपले घर लिही.
उत्तमराव

पुणे,
१४ मार्च १९९८

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

रिपोर्ट गेला. काकासाहेबांची गच्ची लिहिली आहे, खाली माझी सही आहे.

खोटं लिहिलं असतं तर टॉवर उभा राहिला असता आणि मुका राहिला असता. महिन्यात काढून नेला असता, आणि लोक म्हणाले असते की वस्तीत नेला म्हणून चालला नाही. ते मला सहन झालं नसतं.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि रडले. कोणाला सांगितलं नाही. पत्र पाठवायचं थांबवू नका. राग धरलात तरी माया कमी करू नका.
तुमची,
शुभांगी

कोल्हार,
२० नोव्हेंबर १९९८

चि. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

आठ महिने मी लिहिले नाही. या काळात आलेली तुझी तिन्ही पत्रे आईला वाचून दाखवली, पण पेन हातात घेतले नाही. चूक माझी होती. बापाने मुलीला तसे लिहायला नको होते.

काकासाहेबांच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला. गेल्या मंगळवारी तुमच्या कंपनीची दोन मुले हातात मोबाईल घेऊन गावभर फिरत होती, कुठे लागतो, कुठे नाही ते वहीत मांडत होती. शाळेपाशी थांबून ती परत वळायला लागली. मी त्यांना म्हणालो, पुढे आमची वस्ती आहे, तिथेही बघा. ती आली. आपल्या अंगणात मोबाईलवर आवाज लागल्याच्या चार दांड्या दिसल्या. आपल्या स्लॅबवरून पुढच्या टॉवरला टेकाड नडते, पण काकासाहेबांच्या टॉवरवरून इथे घरात बोलणे यायला नडत नाही, असे त्यांनी मला समजावले. मी म्हणालो की हे माझ्या मुलीने मला सांगितले नव्हते. मग आठवले, मी तुला विचारलेच नव्हते.

त्यांनी तुझ्या ऑफिसला फोन लावून दिला. तू कोपरगावला गेली होतीस. लीना नावाच्या मुलीने उचलला. मी काही बोलायच्या आत तुझ्या आईने मोबाईल घेतला. मी शुभांगीची आई, कोल्हारवरून बोलते, म्हणाली. तिकडून लीनाने घाबरून विचारले असावे, कारण आई म्हणाली, न्हाई गं बाई, सगळी चांगली हायेत. मग तिला जेवलीस का विचारले, तिच्या आईबापाची चौकशी केली, आणि कंपनीच्या मुलाने दोनदा हात पुढे केला तेव्हा कुठे मोबाईल दिला.

तुझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवलेली असेल, की घरून फोन होता, काम काही नव्हते. वाचून घाबरू नकोस. खरेच काही काम नव्हते.

सवडीने ये. माया होती तेवढीच आहे.
तुझा,
बाबा