हदगावच्या लग्नातली दुपार

प्रिय आनंदा,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू 'हाव अक्का, न्हाई अक्का' करून मोकळा होतोस. कागदाला तसं कटवता येत नाही, म्हणून पत्र. तुझं लातूर आणि माझं लोहा एकाच रस्त्यावर, तरी अपघाताला सहा वर्षं झाली, तू एकदाही इकडच्या बसमध्ये बसला नाहीस.

मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिला सगळं दिसतं आणि मला त्याचा ताप झालाय. कोपऱ्यातली जळमटं, माझे पांढरे केस, काहीच सुटत नाही. परवा तुझा फोटो घेऊन बसली होती. म्हणाली, "लेकरू लई वाळलंय गं." तो फोटो तुझा बारावीतला, तेव्हा तू काडीच होतास.

अंगणवाडीतली लेकरं खिचडी खाऊन घरी गेली की मला भिंतीला टेकून डुलकी लागते आणि मग जीप दिसते. तुझी पांढरी जीप, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, आणि इंजिनाचा आवाजच नाही. लुंबिनीचे पप्पा तुझ्या शेजारी बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचतायत, वर्गात धडा वाचावा तसे. तू हसतोयस. मी मागे बसलेली असते. मी त्या दिवशी जीपमध्ये नव्हते, हे मला झोपेतही माहीत असतं, तरी मी असते. जीप कुठंच पोचत नाही आणि कुणाला घाईही नसते. इतकं बरं वाटतं, आनंदा, की जागं व्हावंसं वाटत नाही. मग कुणाची तरी माय राहिलेली चप्पल न्यायला येते आणि मी उठते.

लुंबिनी नांदेडला नर्स आहे, ते तुला ठाऊकच आहे. दवाखान्यात अपघात विभागातच तिची ड्यूटी असते. लग्नसराईत दुपारी चारनंतर कसे लोक येतात ते ती सांगते, आणि मी भाकरी तव्यावर विसरते. तिचं लग्न ठरलंय. मुलगा धर्माबादचा, सोमेश नाव, बँकेत आहे. बोलतो कमी, जेवतो भरपूर, म्हणजे आपल्यात खपेल.

त्यावरून मला आपल्या काकाच्या रविकांतचं लग्न आठवत राहतं. हदगावचा तो मांडव, भंतेजी पंचशील सांगतायत आणि सगळे हात जोडून म्हणतायत. तुझा आवाज सगळ्यांत खडा. पाचवं शील, दारू-नशा करणार नाही, तेही तू घसा ताणून म्हणालास. जेवणं झाली आणि तुम्ही सगळी चुलतभावंडं पाण्याच्या टँकरमागे गेलात. शील मांडवात राहिलं! आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही. मीही हसलेच होते.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. साडेचार वाजता पुलाअलीकडे जीप बाभळीवर गेली. तू वाचलास, हे गेले. तू कोर्टात गुन्हा कबूल केलास, शिक्षा भोगलीस, बाहेर आलास तो थेट लातूरच्या डाळ मिलमध्ये. आता सायकलसुद्धा चालवत नाहीस म्हणे. माझ्या सासूबाई, नीलाबाई, दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "भावानंच बहिणीचं कुंकू पुसलं." मी आत भांडी घासत ऐकत राहायचे.

कालपर्यंत त्यांना सांगितलं नव्हतं, ते तुला सांगते. चावी माझ्या पर्समध्ये होती. सकाळी तूच ठेवायला दिली होतीस. तू मागायला आलास तेव्हा वास आला मला. चांगला भपकारा आला. तू म्हणालास, "अक्का, दोनच घोट घेतलेत, मला काय होतंय?" तुझे डोळे पाहिले मी. पण भोवती माझ्या सासरच्या बायका, तुझे सासरे, सगळा मांडव. चारचौघांत भावाचा पाणउतारा कसा करायचा? मी चावी दिली. वर स्वतःला शहाणी समजून यांना म्हणाले, "तुम्ही बसा त्याच्या शेजारी, हळू चालवायला लावा." ते माझ्याबरोबर टेम्पोतून येणार होते, आनंदा. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, दारूला शिवत नव्हते. मी त्यांना राखणीला पाठवलं. तुला हे आठवत नसेल, कारण तू शुद्धीत नव्हतास. मी होते. दारू तू प्यालास, स्टेअरिंग तुझ्या हातात होतं, ते मी पुसणार नाही. पण सहा वर्षं तू एकट्यानं ओझं वाहिलंस आणि मी वाहू दिलं, याची मला लाज वाटते. सासूबाईंना मी काल सांगितलं. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील किंवा न बोलतील.

आता पत्राचं कारण. बारा तारखेला लग्न आहे. लुंबिनीनं घातलेली एकच अट अशी की मांडवाच्या दाराशी टेबल टाकायचं, येणाऱ्या प्रत्येकानं गाडीची चावी तिथं द्यायची, आणि निघताना तोंडाचा वास घेऊनच परत द्यायची. व्याही हसले, पण कबूल झाले. त्या टेबलावर कोण बसणार, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "मामा बसंल. दुसरं कुणी न्हाई." म्हणून ये. अकरा तारखेच्या दुपारीच ये, बसनं. त्या खुर्चीवर बसणं तुला जड जाईल, मला माहीत आहे, तरी बस. वास आला की चावी द्यायची नाही, मग तो नवरदेवाचा काका असो की आपला रविकांत. शिव्या देतील, रुसतील, जेवण सोडून जातील, जाऊ दे. आणि चारचौघांची भीड पडून मी स्वतः कुणासाठी चावी मागायला आले, तर मलाही देऊ नकोस.

तुझीच,
महामाया अक्का