ताईच्या गाठीचा तुकडा

८ जानेवारी, अमरावती
उद्या ताईचं ऑपरेशन. वर्षभरात दुसरं. अंडाशयाचा कॅन्सर, औषधाने गेला म्हणाले होते, दिवाळीनंतर पोटात परत गाठ. डॉ.नी आज समजावलं. गाठीचा जिवंत तुकडा पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे त्याच्यापासून मोहरीहून बारीक गोळे वाढवतात, एकेकावर वेगळं औषध टाकून पाहतात. ताईच्या गाठीवर कोणतं चालतं ते आधी तिथे दिसेल. संशोधन आहे, खात्री नाही, हेही बोलले.
ताई म्हणे, "म्हंजे माह्याआधी त्या गोळ्याइले उलट्या होतीन!"
डॉ. हसले. भाऊजी नाही हसले.

९ जानेवारी
ऑप. झालं. तीन तास. सिस्टरने तुकड्याची बाटली बाहेर आणली, माझ्यासमोर बर्फाच्या डब्यात ठेवली. झाकण घट्ट करताना वास आला. फॉर्मॅलिन.
सव्वीस वर्षं अकोल्यात कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये परिचर आहे. बेडूक, साप, सगळे याच वासात ठेवले. त्यात काही जिवंत राहत नाही.
विचारणारच होतो. तेवढ्यात डॉ. आले. "झालं का पॅक?"
सिस्टर म्हणाली, झालं. मीही म्हणालो, झालं.

१० जानेवारी
दुसऱ्या कशाचा वास असेल. दवाखान्यात असतोच.

१३ जानेवारी
पुण्याहून फोन. प्रयोगशाळेतली मुलगी, आवाज अगदी हळू. "सर, टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये आलाय. पेशी मेल्यात. यातून काही वाढणार नाही."
दुपारच्या गाडीने अमरावती. सिस्टर म्हणते, तपासणीचे तुकडे रोज फॉर्मॅलिनमध्येच जातात, हात तिकडेच गेला. जिवंत तुकड्यासाठी पुण्याहून आलेली बाटली फ्रिजमध्ये तशीच. डॉ. म्हणतात, "आपल्याकडून चूक झाली."
आपल्याकडून! कोणाकडून? ओरडलो. मजल्यावरचे सगळे बाहेर आले. "तुमच्या घरच्या बाईचा तुकडा असता तं?" असं काय काय बोललो. वॉचमनने खाली आणून सोडलं.
कोणावर ओरडलो ते मलाच माहीत.

१४ जानेवारी
कॉलेज. बरण्या पुसल्या. एक फोडली. मुद्दाम.

१९ जानेवारी
तिवशाला गेलो, ताईच्या मळ्यावर. टाके कालच निघाले तरी खाटेवर बसून शेवंती निवडत होती. सांगून टाकलं.
"मले वास आला होता ताई."
"कवा?"
"झाकन लावताना."
"अन तू बोल्ला नाही?"
"डाक्टर उभे होते."
हातातली फुलं टोपल्यात टाकली. "डाक्टर उभा होता म्हून? माह्या पोटातला होता ना तो तुकडा? का डाक्टरच्या?"
"जाय तू. आज माह्यासमोर बसू नोको."
भाऊजी रस्त्यापर्यंत आले. बस येईपर्यंत उभे राहिले.

२ फेब्रुवारी
ताईच्या पोटात पाणी झालं. डॉ.चा स्वतःहून फोन, तसंही ते काढावं लागेल. पुण्याच्या मुलीने सांगितलंय, त्या पाण्यातही गाठीच्या पेशी असतात, त्यातून जमू शकतं.
ताईचा निरोप भाऊजींकडून: "गजू असन तंच काढा. अन त्यानं सगळ्याइसमोर इचारावं."

५ फेब्रुवारी
विचारलं. मोठ्याने. "हे कशात भरून राहिल्या?" तीच सिस्टर. चेहरा पडला तिचा. बाटली दाखवली, पुण्याचीच, आत पेशी जगवणारं गुलाबी पाणी. मला तिची दया आली नाही. यायला पाहिजे होती बहुतेक.
कुरिअर नको म्हटलं. बडनेऱ्याहून गाडी, डबा मांडीवर.

६ फेब्रुवारी, पुणे
डबा दिला. त्या मुलीने तिथल्या तिथे उघडून पाहिला, म्हणाली बरोबर आहे. परत निघालो.

२० फेब्रुवारी
जगले. गोळे वाढतायत. मोबाइलवर फोटो आला, राखाडी बुडबुड्यांसारखे. मुलगी खूश. "छान वाढतायत सर."
छान! ताई तिकडे वाळून राहिली, दोन घास जात नाहीत, अन हे छान वाढतायत. फोन गादीवर फेकला. मग उचलून परत पाहिला.

६ मार्च
अहवाल आला. डॉ. सोमवारपासून जे औषध देणार होते, त्याने गोळ्यांना काहीच झालं नाही. दुसऱ्या एकाने बरेच मेले.
डॉ.नी दोनदा वाचला. "हा संशोधनाचा कागद आहे. काचेतल्या पेशीवर चाललं म्हणजे माणसावर चालेलच असं नाही. नुसत्या यावरून औषध बदललं अन उलटं झालं तर?"
भाऊजी दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर बोलले. "मंग पुन्याले पाठोलं काहून?"
डॉ.नी कागदाची घडी घातली. खोटं बोलत नव्हते, हेच जास्त चिडवणारं. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलून सोमवारी सांगतो म्हणाले.
घरी आल्यावर ताईला सगळं वाचून दाखवलं. तिने दोन्ही औषधांची नावं माझ्याकडून पाठ करून घेतली.

९ मार्च, सोमवार. दवाखान्याच्या बाकावर
डॉ. नागपूरशी बोलले म्हणे. काय ठरलं, कंपाउंडर सांगत नाही.
मी वाक्यं जुळवून आलो होतो. निदान दहा तरी. ताईने नाव पुकारल्यावर माझ्या हातातून फाईल घेतली.
"तू नोको येऊ आत."
"अवं पण ताई, कागदातलं…"
"मले समजते कागद. तुले राग येते अन तू भलतंच बोलतं. मी बोलतो."
भाऊजींनाही थांबवलं. भिंतीला हात लावत गेली, दार स्वतः लोटलं.
वीस मिनिटं झाली. ताईचा आवाज येतोय. शब्द कळत नाहीत. डॉ.चा आवाज येत नाही.