भांड्यांचा प्रसंग

आई, तू हात पुसायचीस ते मला अजून उपयोगी पडतं. कुणाला लागेल असं बोलायचं असलं की तू आधी हात ओले करायचीस. मग पदराच्या टोकाने एकेक बोट पुसायचीस, करंगळीपासून सुरू करून, आणि अंगठा कोरडा झाला की बोलायचीस. आवाज कधी चढायचा नाही. रोह्याच्या त्या स्वयंपाकघरात दादा आणि मी तुझ्या बोटांकडे बघत उभे राहायचो. अप्पा धाटावच्या कंपनीत शिफ्टला गेलेले असायचे, नाहीतर शिफ्टवरून येऊन झोपलेले. त्यांच्या कानावर यातलं काही पडायचं नाही.

सातवीत शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी म्हातारी झाले होते. काठी, वाकलेली कंबर, बोळकं तोंड. लोक इतके हसले की मला दोनदा थांबावं लागलं. पेणच्या रामवाडीची मावशी मुद्दाम आली होती, ती घरी पोचेपर्यंत डोळे पुसत होती. पोरीत काहीतरी हाय, असं ती तुला चहा पिता पिता सांगत होती. तू मोरीत हात धुतलेस. मी बोटं बघितली आणि मला कळलं. अंगठा पुसून झाल्यावर तू म्हणालीस, "लोक नाटकाला नाय हसले. तुला हसले." मावशीने मान खाली घातली. मी आत जाऊन चेहऱ्यावरच्या सुरकुत्या खोबरेल तेलाने काढल्या. पुढची पाच वर्षं मी स्टेजवर चढले नाही.

चढले ती मुंबईला नोकरीला गेल्यावर. तेव्हाही बरीच वर्षं मिळायचं ते शेजारीण, नर्स, दार उघडणारी बाई. पस्तिशीत असताना एका मालिकेसाठी खाष्ट सासू शोधत होते, साठीची. माझ्या आधी चौदाजणी ओरडून गेल्या होत्या, सगळं बाहेर ऐकू येत होतं. माझी पाळी आली तेव्हा मी पाण्याचा पेला मागितला. बोटं बुडवली आणि ओढणीच्या टोकाने सावकाश पुसली. समोर सून म्हणून उभी असलेली मुलगी मला ओळखत नव्हती, तिला पुढचं वाक्यही ठाऊक होतं, तरी ती एक पाऊल मागे सरकली. तिथेच माझं काम पक्कं झालं. मी केस पांढरे करून मोठ्या बाई झाले. मालिकेत सगळे मला तेच म्हणायचे.

ते सांगायला मी रोह्याला आले, आठवतं? भूमिका कसली ते मी बोलले नाही. मोठी आहे एवढंच बोलले. तू ट्रंक उघडून तुझं बारीक काठाचं तपकिरी लुगडं काढून दिलंस. तिथले कपडे कुणी कुणी घातलेले असतील, पहिल्या दिवशी हे नेस, म्हणालीस. माझ्या कामासाठी तू दिलेली ती एकच वस्तू. मी ते नेसले. पहिल्या भागात नेसले, आणि लुगडं अंगावर बसलेलं बघून दिग्दर्शक म्हणाला की बाईंचा वेश हाच ठेवू.

त्या लुगड्यावरूनच गल्लीने मोठ्या बाईंमध्ये तुला ओळखलं. बोटांवरून फार तर घरच्यांनी ओळखलं असतं, पण ते लुगडं सगळ्यांनी वर्षानुवर्षं दोरीवर वाळताना पाहिलेलं. भाजीवाली तुला मोठ्या बाई म्हणायला लागली. हळदीकुंकवाला तू गेलीस की बायका खालच्या आवाजात बोलायच्या. दादाने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? गॅदरिंगच्या दिवसापासून मी कशाची तरी वाट बघत होते. आता लोक तुला हसत होते, नाटकाला नाही.

मालिका चालली, मग लांबली. संवाद लिहिणारा एक मध्यमवयीन गृहस्थ होता, भला माणूस. तो दर आठवड्याला माझ्या खोलीत चहा घ्यायला यायचा आणि विचारायचा, आईंचं अजून काही आहे का? मी द्यायची. जेवताना तू दादाच्या ताटाकडे नुसतं बघून त्याचा हात कसा थांबवायचीस ते दिलं. मावशीच्या पापडांना वासावरून कशी नावं ठेवलीस ते दिलं. असं करत एक दिवस माझ्याकडचं संपलं. मग मी वहिनीचं दिलं.

वहिनी कोलाडजवळच्या गावातली, भातशेतीवाल्यांची मुलगी, कमी बोलणारी. तिच्या पोटातलं पाचव्या महिन्यात गेलं ते बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. मला मात्र ती एसटी स्टँडवर सोडायला आली तेव्हा तिने सांगितलं, गाडी लागेपर्यंत. दवाखान्यातून घरी आणल्यावर तू तिच्या खाटेशी बराच वेळ बसलीस म्हणे. काही विचारलं नाहीस, डोक्यावरून हात फिरवला नाहीस. मग उठून आत गेलीस, आणि तिला फक्त भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. "एक शबूद नाय बोलल्या, वन्सं," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणाली.

मी हे सांगितलं तेव्हा लेखक म्हणाला, गप्प बसण्यात प्रसंग उभा राहत नाही. मोठ्या बाई काहीतरी म्हणायला हव्यात. मी विचार केला. तू काय म्हणाली असतीस, ते मला लगेच सुचलं. मी बोटं पुसली आणि त्याला म्हणून दाखवलं: "रडून झालं असेल तर भांडी घे." त्याने कपाळावर हात मारला, आनंदाने. तो भाग लोकांनी सगळ्यात जास्त पाहिला. माझ्या घराखाली बायका थांबून मला शिव्या द्यायच्या आणि मग सही मागायच्या.

तो भाग लागला तेव्हा तुम्ही तिघं एकाच खोलीत होतात. दादाने सांगितलं की वहिनी मध्येच उठून गेली आणि तू शेवटपर्यंत बसलीस. दुसऱ्या दिवशी वहिनीने जेवणं झाल्यावर भांडी मोरीत ठेवली आणि ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. तू घासलीस. तिसऱ्या दिवशीही. पुढे तुझ्या बोटांचे सांधे सुजले, तरी ती उठली नाही आणि तू तिला हाक मारली नाहीस. मला तिचा एकदाच फोन आला. ते तिने फक्त मला सांगितलं होतं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, असं घरोघरी होतं, लेखकाला कुठूनही सुचतं. तिने फोन ठेवला.

गणपतीत मी आले. आरतीला आलेल्या मुली माझ्याकडे बघायच्या, मग तुझ्याकडे बघायच्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो. तू मोरीशी बसून पातेली घासत होतीस, मी दाराशी उभी राहून नेहमीसारखी वाट बघत होते. तू उठलीस. हात ओले होते, पण तू पदर हातात घेतला नाहीस. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, जमिनीवर पडत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू हात पुसणं सोडून दिलं आहेस.

"मी तसं बोलले नव्हते," तू म्हणालीस.

ते नाटक आहे, आई, मी म्हटलं.

"व्हय. पण लुगडं माझं हाय."

आणि तू पुन्हा खाली बसून पातेलं ओढलंस. मी बाहेर जाऊन आरतीच्या प्रसादाच्या वाट्या गोळा केल्या. त्या आत आणून तुझ्यासमोर ठेवल्या.

तू खाटेला खिळलीस तोपर्यंत मालिका संपली होती, पण दुपारी जुने भाग पुन्हा लागायचे. मी भेटायला आले तर टीव्ही सरकवून तुझ्या पायांशी आणलेला. वहिनी तुझी कूस बदलायची, पेज भरवायची, तोंड पुसायची, कशात कमी करायची नाही. आणि दोन वाजले की टीव्ही लावून मोठ्या बाईंना तुझ्यासमोर बसवून निघून जायची. तुझा उजवा हात हलत नव्हता, वाचा गेली होती. तू मान भिंतीकडे करू शकत होतीस, ती तू केली नाहीस. टीव्ही बंद करायला मला दोन पावलं लागली असती. मी खाटेच्या कडेला बसून पाहिलं. एका ठिकाणी मी डोळे लवकर उचलले होते, अर्धा क्षण थांबायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं.

तू गेलीस तेव्हा मी शूटिंगला होते. पोचले तोवर तुला नेण्याची सगळी तयारी झाली होती.

आता मालिकांमध्ये मला कुणी घेत नाही. गेल्या वर्षीपासून मी व्हिडिओ गेमचं काम करते. अंगाला घट्ट काळा सूट, त्यावर जागोजागी पांढऱ्या गोळ्या, डोक्याला पट्टा आणि नाकासमोर छोटासा कॅमेरा. रिकाम्या खोलीत मी चालते, वळते, बोलते. कॉम्प्युटरमध्ये एक म्हातारी राणी तशीच चालते, वळते, बोलते. तिला मारल्याशिवाय खेळणाऱ्याला पुढे जाता येत नाही. तिथली दिग्दर्शक माझी मुलगी शोभेल अशा वयाची आहे. मी बोटं पुसली तेव्हा ती पडद्याकडे बघत राहिली आणि हे कुठून आणलंत, असं तिने विचारलं. आईकडून, मी म्हटलं. मग ती म्हणाली, की राणीचं मरणही तसंच खरं हवं, छातीला हात लावून पडणारं नको.

तुझं मरण मी पाहिलं नव्हतं. म्हणून इतक्या वर्षांनी मी वहिनीला फोन केला. आईची फार आठवण येते, शेवटचं सांग ना, म्हटलं. ती सांगायला लागली. श्वास कसा थांबत थांबत येत होता ते. डावा हात चादरीवर काहीतरी शोधत होता ते. एक डोळा आधी मिटला आणि दुसरा बराच वेळ उघडा होता, तेही तिने सांगितलं. मी कानाशी फोन धरून वहीत लिहीत होते, आधी डावा हात, मग डोळा.

मध्येच ती म्हणाली, "मी माफ केलं त्यांना, वन्सं. रडून झालं असेल तर भांडी घे म्हणाल्या व्हत्या ना मला त्या दिवशी, मी खाटेवर असताना. ते पन माफ केलं."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. त्या क्षणी मी तिला सांगू शकत होते की तू तसं कधी बोलली नव्हतीस, ते वाक्य माझं आहे. पण पाय कधी गार पडले, ते तिचं अजून सांगायचं राहिलं होतं. मी हूं म्हटलं, आणि पुढे सांग म्हटलं.