मुळ्याचा काढा

बोझोउ, ता. ६ मार्च १९८३

ती. सौ. युएलानताईस,
धाकट्या शिउपिंगचा सा. न. वि. वि.

काल आईच्या शेजारच्या लिऊ काकू आमच्या औषधाच्या दुकानात येऊन गेल्या. आईला पेजसुद्धा पचत नाही, कपडे अंगावर लोंबायला लागलेत, म्हणाल्या. मी तर दर महिन्याला दादाबरोबर पोटाच्या काढ्याची पुडी पाठवतो. त्यातलं बाइझूचं मूळ कुणाला भाजू देत नाही. जुन्या चुलीच्या पोटातली माती कढईत तापवून तुकडे स्वतः परततो. मालक म्हणतात, तू नवरीसुद्धा चाळणीतून चाळून घेशील.

काकू आणखी म्हणाल्या, तुमच्या दारासमोर काढ्याचा चोथा कधी दिसत नाही. दुखणं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी निघून जावं म्हणून सगळे तो रस्त्यावर टाकतात, मग आपल्याकडे का नाही? माहेरी गेलीस की भांड्यात बघशील का? माझे तुकडे उकळले तरी मातकटच राहतात.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा शिउपिंग


शाहे, ता. १५ मार्च

चि. शिउपिंग यास अनेक आशीर्वाद.

चोथा दादा डुकरांच्या खोपटामागे पुरतो. मी भांड्यातला काढून पाहिला. पांढरा, मऊ. चावला तर वाळवलेला मुळा, वर नावाला ज्येष्ठमध. दादाला धरलं तेव्हा कबूल झाला. तुझी पुडी वहिनीच्या वडिलांकडे जाते. त्यांचंही पोट अधू, आणि वीटभट्टीवर मुकादम कोणाला नेमायचं ते त्यांच्या हातात. जावयाच्या औषधाने भात जिरतो, असं गावभर सांगत फिरतात.

पुढचं लिहिणार नव्हते, पण लपवणंही जमेना. आईला पहिल्या घोटापासून ठाऊक आहे. थोरल्याचं बस्तान बसू दे, म्हणते. तुझं नाव काढलं तर म्हणाली, धाकट्याचं काय, तो पुन्हा भाजेल.

रागाच्या भरात जेवण सोडू नकोस. पत्र टाक.

तुझी ताई


बोझोउ, ता. २१ मार्च

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

दादा आज येऊन गेला. आईला पुष्कळ उतार आहे, तिने तुला शाबासकी सांगितली आहे, म्हणाला. मी त्याला चहा दिला. पुडी दिली नाही. अजून भाजायचं आहे, म्हटलं. तुझं भाजणं काही संपत नाही बुवा, असं म्हणून हसत गेला.

मालकांकडून रजा मिळाली. रविवारी येतो. काढा मीच उकळेन आणि ती पिईपर्यंत समोरून उठणार नाही. तुझ्यावर राग नाही, तेवढा लोभ राखून ठेव.

आईशी काय बोलायचं ते सुचत नाही. दादावर आत्ता रागावता येतं. तिच्यावर रागवायचं तर आधी ती बरी व्हायला हवी.

शिउपिंग