सफाईचा तास

सर, तुमचा तलाव आता तुम्हाला ओळखू येणार नाही. फरशा निळ्याशार आहेत, पाणी तळापर्यंत दिसतं, आणि तुम्ही ज्या लाकडी स्टुलावर बसून शिट्टी वाजवायचात तिथं काचेचं कॅफे झालंय. ओल्या केसांची मुलं तिथं बसून सँडविच खातात. फाटकावरचा पत्र्याचा बोर्डही गेला. 'दुपारी दोन ते तीन तलाव सफाईसाठी बंद' असं तुम्ही स्वतः त्यावर रंगवलं होतंत, आणि शेवटचा शब्द जागा न उरल्यामुळे खाली घसरला होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही. जिवंत होतात तेव्हा एकदाही लिहिलं नाही, हेही आहेच. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

त्या तासाला तलाव बंद असायचा तो बोर्डापुरता. पंपघराच्या मागच्या दारानं आम्ही आत यायचो, सगळी पालिकेच्या शाळेतली पोरं. आमच्या वसाहतीतला एक मुलगा कालव्यात बुडाला तेव्हा तुम्ही कुणाच्याच ओळखीचे नसताना मयताला आला होतात. नंतर विहाराच्या ओट्यावर बसलेल्या बायांना म्हणालात, "पोरं कालव्यावर जाणारच. तुम्ही कितीही मारा. त्यापेक्षा माझ्याकडे पाठवा, पैसे नकोत." आई म्हणाली, "पोरांचं ठीक हाय, पोरीला कशी पाठवू?" तुम्ही म्हणालात, "माझी बायको बसेल काठावर." आणि काकू खरोखरच बसल्या, वर्षानुवर्षं, मांडीवर टॉवेलांचा ढीग आणि पिशवीत गूळ-शेंगदाणे घेऊन. माझा पहिला पोहण्याचा पोशाख काकूंनीच शिवला, गुडघ्यापर्यंत, तुमच्या जुन्या पँटच्या कापडाचा. पाण्यात तो एवढा जड व्हायचा की मी पोहायला शिकले ते बुडायचं नाही म्हणून.

पहिली दहा मिनिटं मात्र काथ्या घेऊन पायऱ्या घासायच्या, मगच पाण्यात उतरायचं. "बोर्ड खोटा पडता कामा नये," असं तुम्ही गंभीर तोंड करून सांगता, आणि काकू पदर तोंडाशी धरून हसतात. शेवाळाचा हिरवा वास हाताला दिवसभर राहतो. माझे वडील सातपूरच्या कारखान्यात युनियनचं थोडंफार काम करायचे, त्यांना कागदाची भारी हौस. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, "साहेबांकडून लेखी का घेत नाही हो?" तुम्ही म्हणालात, "लेखी मागितलं की कुणीतरी नाही म्हणायला मोकळा. विचारलंच नाही, तर नाही कोण म्हणणार?" वडील घरी येऊन म्हणाले, माणूस हुशार आहे. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

तुमचा एक ओरडा माझ्या अंगावरून अजून उतरलेला नाही. एकदा तीनची बॅच लवकर आली, पैसे भरणारी, आणि त्यात आमच्या गल्लीपलीकडच्या बंगल्यातली एक मुलगी होती. तिच्या घरी माझी आई कामाला जायची. तिनं मला त्या पँटच्या पोशाखात बघू नये म्हणून मी पंपघरात मोटारीमागे जाऊन बसले. सगळे गेले तरी बाहेर येईना. तुम्ही शोधत आलात आणि मोटारीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणालात, "लपतेस कशाला? चोरी केलीस का?" मी रडायला लागले. तुम्ही समजूत घातली नाहीत. काकूंनी केस पुसून दिले. त्यानंतर मी कधी लपले नाही, म्हणजे तिथं तरी लपले नाही.

आता माझं काम सांगते, कारण तुम्हाला ते कळायला हवं. मी ज्या कंपनीत आहे ती शहरांना सल्ला देते. रस्ते, बसस्थानकं, मंडया, दवाखाने, जिथं जिथं सरकारी आणि खासगी भागीदारी करायची असते तिथं आम्ही हिशोब मांडून देतो. तुमच्या तलावाचंही तसंच झालं. तुमच्यानंतर तो मोडकळीला आला, फिल्टर बंद पडला, पाण्याला वास यायला लागला. तरी तुमच्या हाताखाली तयार झालेल्या मुलानं दुपारचा तास शेवटपर्यंत चालवला, तलावाला कुलूप लागेपर्यंत. पालिकेकडे जागा होती, दुरुस्तीला पैसा नव्हता. खासगी माणसाकडे पैसा होता, पण नुसत्या पोहण्याच्या फीमधून तो परत येईना. मग जागा पालिकेची, बांधकाम त्याचं, बरीच वर्षं तोच चालवणार, आणि एवढं करून जी तूट राहील ती सरकारी अनुदानातून भरून द्यायची, असं ठरलं. ती तूट किती हे काढायचं काम माझ्याकडे आलं. हे काम वाईट आहे असं मला वाटत नाही, सर. असे पैसे घातले नाहीत तर गोष्टी पडून राहतात, नाहीतर ज्याला परवडतं त्याच्याच होतात. मी हे लोकांना पोटतिडकीनं सांगत आलेय.

हिशोबात दिवसाच्या एकेका तासासमोर उत्पन्न भरायचं असतं. दोन ते तीनसमोर पालिकेच्या जुन्या वेळापत्रकात 'सफाई' एवढंच होतं. नवं यंत्र पाणी आपलं आपण साफ करतं, त्याला वेगळा तास लागत नाही. आम्ही पालिकेला रीतसर विचारलं होतं की तलावावर कुणाला काही सवलत चालू आहे का. उत्तर आलं, निरंक. सरकारी भाषेत काहीही नसण्याला निरंक म्हणतात. आजवर शेकडो फायलींत वाचला असेल हा शब्द, पण त्याच्याआड कोण कोण उभं आहे हे मला पहिल्यांदाच ठाऊक होतं. मी विसरले होते असं म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. विसरले नव्हते. कागद नाही तर मी कुठून आणू, असं मनाशी म्हटलं, आणि दोन ते तीनसमोर 'महिला बॅच' असं भरलं. खरं कारण हे की तो तास मांडायचा तर मला तो कसा माहीत, हेही सांगावं लागलं असतं. ऑफिसात कुणाला माहीत नाही मी कुठल्या वसाहतीतली, कुठल्या शाळेतली. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुमचीच युक्ती, फक्त मी ती माझ्यापुरती वापरली.

तो तास भरल्यामुळे तूट कमी झाली, अनुदान कमी लागलं. सादरीकरणाच्या वेळी एक मोठे अधिकारी सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडमनी जनतेचा पैसा वाचवला." टाळ्या झाल्या. मीही हसून मान तुकवली. जनतेचा पैसा ज्यांच्यासाठी असतो त्यांनाच दाराबाहेर ठेवून मी तो वाचवला होता, आणि त्या खोलीत हे मला एकटीला कळत होतं.

तलाव सुरू झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात पोरं पंपघराच्या दाराशी गेली. ते दार आता नाहीच. गंगापूर रोडकडून घरी येताना मला कालव्याच्या पुलावर पोरं दिसतात, उघडीबंब, कठड्यावर चढून उड्या मारणारी. मी गाडी हळू करते. पाण्यात गेलेली सगळी डोकी परत वर येईपर्यंत मागचा माणूस हॉर्न वाजवत राहतो.

मग परवा पालिकेत बैठक लागली. वसाहतीतल्या दोन आया आल्या होत्या आणि त्यांच्यासोबत काकू. मला त्या येणार हे माहीत नव्हतं. पार वाकल्यात, सर, पण साडी तशीच चापूनचोपून. तलाव चालवणाऱ्या खासगी चालकाचा मॅनेजर होता, पालिकेचे उपायुक्त होते, आणि सल्लागार म्हणून मी. एक आई म्हणाली, "साहेब, आमची पोरं परत कालव्यावर जाऊ लागलीत. ठोकून काढलं तरी ऐकत नाय. एखादं गेल्यावर तास देणार का?" मॅनेजर वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "ताई, करारात असेल तर उद्यापासून देतो. नसलेलं मी माझ्या मनानं कसं देऊ?" करारात खरं तर तशी वाट होती, आणि ते कलम मीच घातलेलं: आधीपासून चालत आलेली सवलत चालकानं मोबदला न मागता पुढं चालवायची. म्हणजे तो तास पूर्वी होता एवढं सिद्ध झालं की झालं. उपायुक्त म्हणाले, "तुम्ही मागणारे, तुमच्याच शब्दावर कसं लिहू? त्या तासाला शिकलेलं, आज ज्याला काही मागायचं नाही असं एखादं माणूस आणा. लेखी द्यायला सांगा. एक पुरे." आया म्हणाल्या, विचारलं, पण जुनी पोरं कुठं कुठं गेली, आणि जो तेव्हा शिकवायचा तो आता या मॅनेजरच्याच पगारावर आहे. उपायुक्तांनी काकूंकडे पाहिलं. "आजी, सरांनी तेव्हा लिहून ठेवलं असतं तर हा प्रश्नच आला नसता." काकू म्हणाल्या, "लिहून ठेवलं असतं तर तास तेव्हाच बंद झाला असता, साहेब."

मग उपायुक्तांनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्या अभ्यासात काही आलं होतं?" मी म्हणाले, "नाही सर. विभागाकडून निरंक आलं होतं." यात खोटं काही नव्हतं. चहा आला. खोलीतलं वातावरण जरा सैल करावं म्हणून मॅनेजर म्हणाला, "पण मॅडमना पोहण्यातलं कळतं हं. खोल बाजूच्या पायऱ्या चुकल्यात हे त्यांनीच पकडलं. कुठं शिकलात, मॅडम?"

सर, एवढंच होतं. कुणी पुरावा मागत नव्हतं, कुणी आरोप करत नव्हतं. एका वाक्यात तास परत आला असता. माझ्या डोळ्यांसमोर आधी माझा अहवाल आला, मग कंपनीचे साहेब, आणि मग, लाज वाटते सांगायला, ती बंगल्यातली मुलगी. मी म्हणाले, "निफाडला. मामाच्या विहिरीत."

माझ्या आईला भाऊ नव्हता. दर भाऊबीजेला ती काकूंपाशी त्यावरून डोळे पुसायची. काकूंनी माझ्याकडे बघितलं, कप खाली ठेवला आणि मॅनेजरला म्हणाल्या, "विहिरीत शिकलेलं माणूस पक्कं पोहतं हो." त्यांनी मला सांभाळून घेतलं, त्या पोरांच्या आयांसमोर बसून. बैठक संपल्यावर जिन्यापाशी त्या माझ्याजवळ थांबल्या. मला वाटलं आता बोलतील. मी तयार होते, बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "केस कापलेस ते बरं केलंस. ओले राहिले की शिंकत बसायचीस." आणि त्यातल्या एका आईचा हात धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

उपायुक्तांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. एका माणसाचा कागद, एवढंच त्यांना हवंय. हेच पत्र फाइलला लावलं तरी चालेल, हे लिहिता लिहिता दोनदा मनात आलं, म्हणून आत्ता पुन्हा पहिल्यापासून वाचून काढलं. तुमचं नाव नाही, काकूंचं नाही, तलाव कुठला ते नाही, आणि माझं तर कुठंच नाही. हे घाईत राहून गेलेलं नाही, सर. पहिल्या ओळीपासून मी सांभाळून लिहीत आलेय.