मोना बाहेर आहे

६ जानेवारी
आली बाप्पा एकदाची बपेऱ्याले! अड्याळच्या बायका म्हणत होत्या, मध्यप्रदेशच्या काठावरचं गाव, एकटी पोरगी कशी राहशील. राहीन की! शाळा चांगली, पोरं दंगेखोर, खोली हवेशीर. शेजारच्या मनकर्णाबाईनं आल्या आल्या वांग्याची भाजी आणून देली, अन् लग्न काहून नाही केलं तेही विचारून घेतलं. माझ्या पहिलीच्या वर्गातली मोना माझी ओढणीच सोडत नाही. तिचा आजा टिकाराम तिले खांद्यावर बसवून शाळेत आणतो. पोरीले पाय आहेत, मी म्हटलं. तो हसला. म्हणाला, माझे खांदे आहेत तोवर तिच्या पायाले काय काम.

९ जानेवारी
डोळ्याले डोळा नाही. मध्यरात्री आरडाओरड झाली, बाहेर येऊन पाहते तर टिकारामचं घर पेटलेलं. आधी अंगणातल्या धानाच्या वाळल्या तणसीच्या ढिगानं आग धरली, मग छपरानं. अशा वेळी गावात कोणी कोणाले बोलवत नाही, ज्याच्या हाताले जे लागलं ते घेऊन तो धावतो. मी चादर ओली केली, मागच्या दारानं आत शिरली अन् मोनाले उचलून, तिच्या आईले हाताले धरून थेट माझ्या खोलीत आणलं. आजा पुढच्या अंगणात होता. मोना बाहेर आहे, हे त्याले सांगायचं कोणालेच सुचलं नाही. मलेही नाही. तिच्या नावानं हाका मारत तो आत गेला, अन् छप्पर खाली आलं.

मोना अन् तिची आई आनंदाबाई आता माझ्याकडेच राहतील. बाप हैदराबादले कामाले, तो येईपर्यंत. सकाळी घरोघर फिरून तांदूळ, भात शिजवायले गंज, चादरी गोळा केल्या. रडायले वेळच नव्हता.

१० जानेवारी
मनकर्णाबाई माझ्यावर भडकली. जळल्या घरचं माणूस दुसऱ्या घरात घेताना उंबऱ्याशी त्याच्या पायावर पाणी टाकतात म्हणे. आगीतून माणसामागं जे येते ते मग बाहेरच राहते. इथल्या लेकरालेही हे माहीत, अन् मास्तरीणबाईले नाही! मी म्हटलं, पोरगी थंडीनं कुडकुडत होती, तिच्यावर अजून पाणी टाकू? आमच्या अड्याळले असलं काही नाही.

११ जानेवारी
बाहेर थंडीचा कडाका, अन् दाराच्या कडीले हात लावला तर चटका बसते. धुराचा वास. रात्री आजाचा आवाज आला, मोना, कुठं आहेस माय? आनंदाबाईनं माझा हात गच्च धरला. म्हणजे तिनंही ऐकलं. मोना झोपेतच उठली अन् दाराकडे चालायले लागली. मी उचलून परत निजवली.

१२ जानेवारी
मोनाच्या मनगटावर फोड आले. बोटांचे. कोणीतरी धरून ओढावं तसे.

मनकर्णाबाई म्हणते, पोरीले एक रात्र राखेपाशी नेऊन बसव, आजा भेटून जाईल. जाईल, पण एकटा जाईल का? त्याच्यासाठी पोरगी अजून आगीतच आहे. तिले वाचवायले येऊन राहिला तो, अन् आग सोबत घेऊन येऊन राहिला. मी सांगून टाकलं, पोरगी कुठंच जाणार नाही. मेलेल्याच्या बापाले भीत नाही मी!

खोटं लिहिलं. भिते. पण देणार नाही.

१३ जानेवारी, रात्र
लाइट गेली. दाराखालून धूर. मी ओरडून ओरडून सांगितलं, बाबाजी, मोना वाचली, बाहेर आहे, जा तुम्ही — ऐकतच नाही. जळत्या घरात ऐकू येते का कोणाले —

मागच्या बिनगजाच्या खिडकीतून मोनाले मनकर्णाबाईच्या हातात देलं. आनंदाबाईलेही ढकललं. दोघी म्हणतात तूही ये. मी गेली तर तो त्यांच्या मागं जाईल. कोणीतरी इथून ओ द्यायले पाहिजे —

दारावर धक्के. मोना, बोल न माय.

बोलते. पाहू कोणाचा हट्ट मोठा —

आजा, मी इथंच आहे, म्हटलं. धक्के थांबले. रस्त्यावरून पोरीचं रडणं ऐकू येऊन राहिलं, दूर चाललं, चांगलं ठणठणीत रडणं — रड माय, रड —

कडी लाल झाली. दार उघडून राहिलं. त्यानं हात पुढं केला, अन् मी माझा —