डाव्या खांद्याची रायफल

१ जून, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. कोचसर म्हणतात नेमबाजाने डायरी ठेवावी. वारा, श्वास, गोळी, सगळं टिपावं. तू नेमबाज नाहीस, असंही ते लगेच म्हणाले. पण इथे हैदराबादच्या क्लबात टार्गेटचे कागद चिकटवणं, गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या झाडणं, रायफली पुसणं हे सगळं माझ्याकडे. म्हणजे असिस्टंट कोचच. फक्त तसं कोणी बोलत नाही.
शिवाय मी वरणगावचा. आमच्याकडे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. आबा तिथल्या कँटीनला भजी तळायचे. फॅक्टरी ती फॅक्टरी.
संकल्प: तंबाखू बंद. दहावीला बाहेरून बसायचं (नववीनंतर राहून गेलं). मोहिनीशी लग्न.

४ जून
मोहिनी म्हणजे हेमांगीवहिनीची धाकटी बहीण, माझ्या मोठ्या भावाची, लोटनभाऊची साली. धुळ्यात देवपूरला राहते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनीला माहेरी सोडायला मीच गेलो होतो. मोहिनीने चहा दिला. हैदराबादला काय करता, विचारलं. म्हटलं, रायफल. ती म्हणाली, खरी? म्हटलं, पॉइंट टू टू. मग तिच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी कोणाला सांगणार नाही. सांगायची गरजच नाही, घरच्यांना कळत असतं.
दोघी बहिणी एका घरात. भांडण नाही काही नाही.
तंबाखू: सकाळी एकदाच.

८ जून, दुपार
आईचा फोन. आम्ही देवपूरले गेलतो, म्हणाली. मोहिनीची सुपारी फुटली. पोरगं चांगलं हाये, शांत हाये, बाईमाणसाले मान देतं.
मी खाली बसलो. आईने आजवर माझ्याबद्दल असं कधी म्हटलं नव्हतं.
पुढे काहीतरी सांगत होती, पण कोचसर ओरडले, टार्गेट बदल. फोन ठेवला.
मला बोलावलं नाही ते बरोबरच. सुपारीला नवरदेव लागत नाही. मोठी माणसं बसतात, फोडतात, गूळ वाटतात. लोटनभाऊच्या सुपारीला तो केळीच्या बागेत नळ्या जोडत होता, संध्याकाळी घरी आला तेव्हा कळलं की आपलं लग्न ठरलं. मला तर फोन आला. आपण पुढे गेलो.
परत फोन करून विचारणार नाही. स्वतःच्या लग्नाची चौकशी शोभत नाही.

११ जून
तिचा फोन! स्वतःहून!
देवपूरचा क्लब एक पॉइंट टू टू घेतोय, क्लबच्या लायसनवर, पन्नास मीटरसाठी. कोणती घ्यावी, सेट कशी करावी. नवलभाऊ, तुम्हीच सांगा, इथे ज्याला विचारावं तो छऱ्याच्या बंदुकीचं सांगतो, असं म्हणाली.
सुपारीनंतर मुली नाव घेत नाहीत. हिने घेतलं. देवपूरची आहे, शिकलेली. आणि भाऊ म्हणाली त्याचं काही नाही. खान्देशात कंडक्टरलाही भाऊ म्हणतात, पोलिसालाही, म्हशी विकणाऱ्यालाही.
मी सुपारीचा विषय काढला नाही. तीही लाजली, बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, घरी कळलंच असेल ना तुम्हाला. म्हटलं, कळलं. म्हणाली, मग झालं.
मग झालं! कसं म्हणाली.
ती एनसीसीत होती. कॅम्पला पाच गोळ्या मारल्यात. आता पुढे खेळायचं असणार. लग्नानंतर खेळू देईन. माझी हरकत नाही.

१४ जून
तिला सांगितलं, मोठी दुर्बीण बसवा, चांगलं दिसतं. नंतर कोचसरांना विचारलं. ते हसले. या खेळात दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोकाचं साइट, पुढे गोल कडं, दोन्हींच्या मधोमध काळा ठिपका, झालं. एका वेळी एकच गोळी भरणारी घ्या, जड नळीची. खांद्याला टेकतं ते बट मागेपुढे होणारं हवं, गालाचा टेका वरखाली होणारा. रायफलने माणसाकडे यायचं, माणसाने रायफलकडे वाकायचं नाही.
तिला परत फोन केला. दुर्बीण नको. म्हटलं, तुमची परीक्षा घेत होतो. ती खूप हसली. मागे अजून कोणीतरी हसलं. तिचा बाप असेल.
अल्युमिनियमची की लाकडी? कोचसर म्हणाले, दोन्ही चालतात. मी लाकडी म्हटलं. अल्युमिनियम धुळ्याच्या थंडीत गालाला चटका देईल.

२९ जून
आज म्हणाली, डाव्या खांद्यावरची लागेल.
आखाजीला चहा उजव्या हाताने दिला होता. पण पाहुण्याला डाव्या हाताने कोण देतं? तेव्हा काहीच सिद्ध होत नाही. डावखुरी असणार. डावा डोळा पक्का असला तरी डावी लागते, असं कोचसर म्हणाले. नशीब अजून ऑर्डर गेली नव्हती. बोल्ट डावीकडे, गालाचा टेका उजवीकडे.
माझी होणारी बायको डावखुरी आहे हे मला आज कळलं. हळूहळू एकमेकांची ओळख होतेय.

६ जुलै
माप मागितलं होतं. कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. बटाची लांबी त्यावर ठरते.
आलं. माझ्यापेक्षा जास्त. दोन बोटं जास्त.
बहुतेक बांगड्यांवरून मोजलं. टेप सरकला असेल. परत मोजायला लावलं. तेवढंच आलं. ती म्हणाली, दोघांनी मिळून मोजलंय. दुसरी तिची आई असणार, भिकुबाई. मोजमापाला बाई कडक आहे.
उंच बायको चांगली. माळ्यावरचं काढायला बरं.

१३ जुलै, सकाळी सहा
रात्रभर मेसेज डोक्यात. तिने विचारलंय, गालावर दाढी असली तर टेका खाली घ्यावा लागतो का, सरकतो का.
मुलीने हा प्रश्न का विचारावा? पुष्कळ विचार केला. सरळ सांगता येत नाही म्हणून आडून सांगतेय. माझी दाढी तिला आवडत नाही.

१३ जुलै, दुपार
दाढी काढली. कोचसरांनी विचारलं, नया लडका कब आया. तीन वर्षं त्यांच्याकडे आहे मी.
तिला लिहिलं, दाढीचा प्रश्न मिटवला आहे. तिने अंगठा पाठवला.

३ ऑगस्ट
गावी आज कानबाईचा सण. सगळा गोतावळा जमलेला, पुरणाचे मांडे. लोटनभाऊने व्हिडिओ कॉल केला. मागे गर्दीत एक उंच माणूस ताट घेऊन जेवत होता. कोण विचारलं, तर तो म्हणाला, पाव्हणे आहेत शिरपूरचे, देवपूरवाल्यांसोबत आले. आवाज तुटत होता. मोहिनी एकदा दिसली. पाव्हण्याला वाढत होती. घरची झाली.
इथे मी भात, सांबार.

९ ऑगस्ट
पाकीट आलं. वहिनी दरवर्षी राखी पाठवते. या वेळी दोन. दुसरीवर छोटी सोनेरी बंदूक आहे, प्लास्टिकची.
विचार केला. मागच्या वर्षी वहिनी विसरली होती. त्याची ही भरपाई.
दोन्ही बांधल्या. बंदुकीची मनगटाला टोचते म्हणून काढून खिशात ठेवली. कोचसरांनी विचारलं, कितनी बहनें हैं. म्हटलं, एक भी नहीं.

२१ सप्टेंबर
रायफल धुळ्याला पोचली. क्लबच्या कपाटात आहे. फोटो पाठवला तिने. डावी, लाकडी, बटाला चार चकत्या घालून लांब केलेली, सगळी माझ्या शब्दावर.
मी दिवाळीनंतर जाणार. पहिलं सेटिंग माझ्या हाताने होणार. ती म्हणाली, तुम्ही आल्याशिवाय एक गोळी सुटणार नाही असं ठरलंय.
कोणी कोणासाठी इतकं थांबतं?
तंबाखू पुन्हा बंद. फॉर्मची तारीख गेली. पुढच्या वर्षी नक्की. लग्नाच्या आधी दहावी झालीच पाहिजे असं काही नाही.

२४ ऑक्टोबर, मनमाड स्टेशन
कोचसरांनी जुना चामडी पट्टा दिला, रायफल हलू नये म्हणून दंडाला अडकवायचा. चिल्लर सामानही दिलं. म्हणाले, वापस आना. म्हटलं, देखते हैं. त्यांना वाईट वाटलं असेल.
निळा शर्ट. दाढी आज पुन्हा केली. पुढे एसटी.
बोलायचं ठरवलंय: मोहिनी, रायफल सेट झाली, आता तारीख काढू या. एवढंच. जास्त बोललं की घोळ होतो.

२६ ऑक्टोबर
सकाळी रेंजवर गेलो. मोहिनी होती, भिकुबाई होत्या, डबा घेऊन. एक उंच दाढीवाला रायफलची पेटी उचलून आणत होता. क्लबचा माणूस समजून मी त्याच्या हातात माझी बॅग दिली. त्याने घेतली. सावलीत ठेवली सुद्धा.
भिकुबाई म्हणाल्या, भो, वळखं नही का? हाऊच आमना जवाई शे. नाव नवीन. शिरपूरना. कानबाईले वरणगावले व्हता ना.
मी म्हटलं, हो हो. ओळखलं.
नवीनने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, उस्ताद, तुमच्यामुळे. मला डावी रायफल कोणी देत नव्हतं हो. उजवीच चालवा म्हणायचे, सवय होईल म्हणायचे. मोहिनी हसत होती. म्हणाली, सांगितलं होतं ना, आमचे नवलभाऊ आहेत म्हणून.
तो चटईवर आडवा झाला. पट्टा मी बांधला. दंडाला.
मला वाटलं होतं, आता बट कमी पडेल, टेका खुपेल, मान वाकडी होईल. माणूस मापात बसला. एक स्क्रू फिरवायला लागला नाही. दाढीसकट गाल टेक्यावर असा ठेवला, जसा काही तिथलाच आहे.
पहिल्या पाच गोळ्या उजवीकडे. साइट मी आणलं मधोमध. पुढच्या पाच काळ्यात. भिकुबाईंना काही दिसत नव्हतं, पण त्यांनी डबा उघडला.
मग तो पाणी प्यायला उठला तेव्हा मी साइटचं बटण फिरवलं. सहा टिक. का फिरवलं ते लिहीत नाही.
तो परत झोपला. पाच गोळ्या. सगळ्या बाहेर, एकाच बाजूला. परत पाच. परत बाहेर. महिनाभरात त्याची निवड आहे, जिल्ह्यातून एकच जाणार. मला शिव्या घालेल वाटलं. त्याने रायफल खाली ठेवली आणि म्हणाला, उस्ताद, रायफल बरोबर आहे, माझाच श्वास चुकतोय. तुम्ही सांगा, मी परत करतो. मोहिनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, इतकं की बोट पांढरं झालं. माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच नीट बघत होती. मी सांगेन काहीतरी, म्हणून.
मी म्हटलं, थांबा. बटण सैल आहे.
सहा टिक परत.
पुढच्या पाच गोळ्या एका बोराएवढ्या जागेत. मोहिनी टार्गेटकडे पळाली. मला वाटत होतं ती वळेल. कागद घेऊन ती त्याच्याकडे गेली.
भिकुबाईंनी मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. वर तेल घातलं. म्हणाल्या, खाय भो, किती बारीक व्हयी गया.

२७ ऑक्टोबर, एसटीत
काल रात्री वरणगावला घरी गेलो. लोटनभाऊ म्हणाला, अरे तुला सांगितलं होतं ना आईने. आई म्हणाली, सांगितलंच होतं, पोराचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तू फोन ठेवला.
वहिनीने निघताना शेव-चिवड्याची पिशवी दिली, आणि हात जरा जास्त वेळ पिशवीवर ठेवला. तिला कळलंय. कोणाला सांगणार नाही ती.
एकूण सेटिंग चांगलं झालं. डावी रायफल बसवणारा माणूस खान्देशात दुसरा नाही.

२३ नोव्हेंबर
आज देवपूरला लग्न. मी रजा मागितली नाही. घरी सांगितलं, मिळाली नाही. इथे मुलांची स्पर्धा होती, टार्गेट चिकटवली. दुपारी साडेबारानंतर घड्याळाकडे पाहिलं नाही.
दाढी वाढवतोय.
तंबाखूबद्दल आता लिहिणार नाही.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
नवीनचा फोन. निवड झालीये त्याची. फोन आठवड्यातून एकदा तरी करतोच. थंडीत जाकीट जाड होतं, बटाची एक चकती काढू का, विचारत होता. म्हटलं, काढा. मग वाऱ्याचं विचारलं. मग गोळ्यांच्या पेटीचं.
मागून तिचा आवाज आला. अहो, त्यांना विचारा ना, जेवले का.
तो गोळ्यांचंच बोलत राहिला. मी मध्ये दोनदा गप्प बसलो. आता विचारेल, मग विचारेल.
शेवटी मीच म्हटलं, हो, जेवलो.
तो म्हणाला, अं?
म्हटलं, काही नाही. जाकिटाचं बोला.